घटक ४ : वधस्तंभ आणि क्रूस – ख्रिस्ती श्रद्धेतील अर्थ व मराठी अभिव्यक्ती

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला,
• ‘वधस्तंभ’, ‘क्रूस’ व ‘खुरीस’ या शब्दांची व्युत्पत्ती आणि त्यांच्या अर्थच्छटा स्पष्ट करता येतील.
• रोमन साम्राज्यातील क्रूसदंडाचे स्वरूप सांगून त्या पार्श्वभूमीवर ख्रिस्ती श्रद्धेचे वेगळेपण मांडता येईल.
• क्रुसाचा अर्थ सांगणाऱ्या खंडणी, प्रायश्चित्त, समेट इत्यादी रूपकांचे विवेचन करता येईल.
• मराठी ख्रिस्ती साहित्य वाचताना या संज्ञांमुळे निर्माण होणारे अर्थाचे प्रश्न ओळखता येतील.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मराठी ख्रिस्ती साहित्याच्या परंपरेचा स्थूल परिचय करून घेतला. त्या परंपरेतील कोणताही ग्रंथ वाचू लागलो, की एक प्रतिमा वारंवार समोर येते. ती म्हणजे क्रुसावरील येशू ख्रिस्ताची. चर्चच्या शिखरावर, थडग्यावर, गळ्यातील साखळीत, रुग्णवाहिकेवर क्रुसाची आकृती आपण इतक्या वेळा पाहतो, की ती मूळची एका देहदंडाच्या साधनाची आकृती आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही.

साधी कल्पना करून पाहा. फाशीचा दोर हे एखाद्या धर्माचे पवित्र चिन्ह झाले, भक्तांनी तो देव्हाऱ्यात ठेवला, लहान मुलांच्या गळ्यात बांधला, तर ते आपल्याला किती विचित्र वाटेल! पहिल्या शतकातील माणसाला क्रुसाविषयी हेच वाटत होते. ज्या साधनाने माणसाची विटंबना करून त्याला मारले जाई, ते साधन तारणाचे चिन्ह कसे झाले, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याचे उत्तर धर्मशास्त्रात आहे, तसेच ते भाषेतही आहे. आपण मराठी भाषा व साहित्याचे विद्यार्थी असल्यामुळे शब्दांपासून सुरुवात करून अर्थाकडे जाऊ.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ शब्दांचा विचार : वधस्तंभ, क्रूस, खुरीस

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात या साधनासाठी ‘स्तौरोस’ हा शब्द येतो. त्याचा मूळ अर्थ जमिनीत रोवलेला उभा खांब असा आहे. पुढे रोमन पद्धतीच्या दंडासाठी तोच शब्द वापरला जाऊ लागला. काही ठिकाणी ‘क्सिलोन’, म्हणजे लाकूड किंवा झाड, असाही शब्द येतो. लॅटिनमध्ये या साधनाला ‘क्रुक्स’ म्हणत आणि आडव्या तुळईला ‘पातिबुलुम’. दंडित माणसाला पुष्कळदा ही आडवी तुळई स्वतःच्या खांद्यावरून वधाच्या जागेपर्यंत वाहून न्यावी लागे.

मराठीत या एका वस्तूसाठी दोन वेगवेगळ्या वाटांनी शब्द आले.

आज रूढ असलेल्या मराठी बायबलमध्ये, विशेषतः प्रॉटेस्टंट परंपरेत, ‘वधस्तंभ’ हा शब्द आहे. वध आणि स्तंभ या दोन संस्कृत शब्दांचा हा समास आपला अर्थ लपवत नाही. ज्यावर वध करतात तो खांब. आडव्या तुळईचा निर्देश त्यात नाही, पण नेमके त्यामुळेच तो ‘स्तौरोस’च्या मूळ अर्थाच्या जवळ जातो. मराठीत ‘सूळ’ हा जुना शब्द उपलब्ध होता. सुळावर चढवणे, सुळावरची पोळी असे प्रयोग आजही आपण करतो. परंतु सूळ शरीरात आरपार घुसतो. क्रुसावर माणसाला बांधून किंवा खिळून टांगले जाते. दंडाची रीत वेगळी असल्याने वधस्तंभ हा शब्द अधिक नेमका ठरतो.

‘क्रूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘क्रुझ’वरून आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘क्रुक्स’मध्ये आहे. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. वसई १५३४ ते १७३९ या काळात त्यांच्या सत्तेखाली होती. नाताळ, पाद्री, पाव, चावी हे शब्द ज्या संपर्कातून मराठीत रुळले, त्याच संपर्कातून क्रूसही आला. कॅथलिक मराठीत ‘क्रुसाची खूण’, ‘क्रुसाची वाट’ असे प्रयोग रूढ आहेत. येथे एक व्याकरणिक गोष्ट लक्षात घ्या. दूध–दुधाचा, फूल–फुलाचा याप्रमाणेच क्रूस–क्रुसाचा असे सामान्यरूप होते. म्हणजे परका शब्द मराठीच्या नियमाने चालू लागला आहे. तो घरचा झाला आहे. गोव्यातील कोकणीत याच शब्दाचे ‘खुरीस’ झाले. ‘क्र’ हे जोडाक्षर फोडून मध्ये स्वर आणण्याच्या या प्रक्रियेला स्वरभक्ती म्हणतात. जो शब्द लोकांच्या तोंडी रोज असतो, त्यालाच असे वळण मिळते.

या शब्दांच्या अर्थच्छटांतील भेद महत्त्वाचा आहे. वधस्तंभ उच्चारताच वध ऐकू येतो. क्रूस म्हणताच चिन्ह, प्रार्थना, पावित्र्य यांचा भाव जागा होतो. इंग्रजीतून आलेला ‘क्रॉस’ आणखी हलका होऊन दागिन्यापर्यंत पोचतो. एकाच वस्तूची विटंबना एका शब्दाने जपली, तर तिची पूज्यता दुसऱ्या शब्दाने. ख्रिस्ती श्रद्धेत क्रुसाचा अर्थ या दोहोंपैकी एकात नाही. तो दोन्ही एकत्र धरण्यात आहे. पुढील विवेचनाचे हे सूत्र आहे.

४.२.२ ऐतिहासिक पार्श्वभूमी : लज्जेचे साधन

क्रूसदंड हा रोमन राज्यात मुख्यतः गुलाम, बंडखोर आणि नागरिकत्व नसलेले गुन्हेगार यांच्यासाठी होता. रोमन नागरिकाला सामान्यतः तो दिला जात नसे. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालील गुलामांचे बंड मोडल्यावर इ.स.पू. ७१ मध्ये सुमारे ६,००० बंदिवानांना रोम ते कापुआ या राजमार्गाच्या कडेने क्रुसांवर टांगण्यात आले. मृत्यू हा या दंडाचा केवळ एक भाग होता. लोकांनी पाहावे आणि धाक घ्यावा हा खरा हेतू होता. म्हणूनच क्रूस रहदारीच्या जागी उभारत, माणसाला विवस्त्र करत आणि मरण लांबवत. सिसेरो या रोमन वक्त्याने इ.स.पू. ६३ मधील एका भाषणात असे मत मांडले, की क्रूस हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या कानांवर पडता कामा नये. जी गोष्ट उच्चारण्यासही अभद्र मानली जात होती, तिच्याविषयी पुढे स्तोत्रे रचली गेली, हे या इतिहासातील आश्चर्य आहे.

या दंडाचा दुर्मीळ भौतिक पुरावा १९६८ मध्ये यरुशलेमच्या उत्तरेस सापडला. पहिल्या शतकातील एका अस्थिपेटीत लोखंडी खिळा अडकून राहिलेले टाचेचे हाड मिळाले. हजारो माणसे या रीतीने मारली गेली. परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांना थडगे मिळाले नाही आणि नावही उरले नाही.

यहुदी परंपरेत या मरणाला आणखी एक काळी छटा होती. मराठी बायबलमध्ये ‘अनुवाद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या करारातील ग्रंथात असा विचार आहे, की झाडावर टांगलेला मनुष्य देवाच्या शापाखाली असतो. अशा परिस्थितीत क्रुसावर मेलेला मनुष्य हाच देवाचा अभिषिक्त आहे, असे म्हणणे यहुद्यांना ईश्वरनिंदेसारखे आणि ग्रीक-रोमन जगाला वेडगळपणासारखे वाटणार, हे उघड होते. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात हे मोकळेपणाने मान्य केले आहे. क्रुसाचा संदेश एकांना अडखळण वाटतो आणि दुसऱ्यांना मूर्खपणा. तरीही देवाचे सामर्थ्य तेथेच प्रकटते, असा त्याचा युक्तिवाद आहे.

लोकांचा हा उपहास एका चित्रातही टिकून राहिला आहे. रोममधील पॅलेटाइन टेकडीवर सापडलेल्या, साधारणपणे इ.स. २०० च्या सुमारास भिंतीवर कोरलेल्या रेखाटनात गाढवाचे डोके असलेली आकृती क्रुसावर दाखवली आहे आणि शेजारी एक मनुष्य तिला वंदन करत आहे. आलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो, अशा आशयाचा टवाळीचा मजकूर खाली आहे. क्रुसावरील ख्रिस्ताचे जे सर्वांत जुने चित्रण आपल्याला ज्ञात आहे, त्यात याची गणना होते, आणि ते भक्ताने काढलेले नाही. प्रारंभीच्या ख्रिस्ती लोकांनी भुयारी दफनभूमींत मासा, नांगर, मेंढपाळ अशी चिन्हे रंगवली. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळाला, क्रूसदंड मागे पडला आणि त्यानंतरच क्रूस हे उघड, सार्वजनिक चिन्ह झाले. ज्यांनी प्रत्यक्ष क्रूसदंड पाहिला होता, त्यांना तो सजवणे जमले नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

४.२.३ शुभवर्तमानांतील क्रूस

येशूला रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या कारकिर्दीत (इ.स. २६–३६) यरुशलेम येथे क्रूसदंड झाला. तो वल्हांडण सणाचा काळ होता. ‘ओलांडणे’ या क्रियापदाशी नाते सांगणारा ‘वल्हांडण’ हा शब्द मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेची आठवण देतो. मुक्तीचा सण साजरा होत असताना एका निरपराध माणसाला गुलामाचे मरण देण्यात आले, हा विरोध चारही शुभवर्तमानकारांच्या मनात आहे.

प्रत्येकाची मांडणी मात्र वेगळी आहे. मार्कच्या कथनात येशू एकाकी आहे. देवाने आपल्याला का सोडले असा आक्रोश तो करतो. स्तोत्रसंहितेतील बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभाचे हे शब्द मार्कने ग्रीक मजकुरातही अरामी भाषेतच ठेवले आहेत. जणू त्या आक्रोशाचा अनुवाद पुरेसा होणार नाही, म्हणून मूळ ध्वनी जपला. लूकच्या कथनात येशू मारणाऱ्यांसाठी क्षमेची प्रार्थना करतो आणि शेजारच्या अपराध्याला आश्वासन देतो. योहानाच्या कथनात तो राजासारखा शांत आहे. योहान येशूच्या मरणासाठी ‘उंच केले जाणे’ असा द्वयर्थी प्रयोग करतो. देह खांबावर उंच चढवला जाणे आणि पदाने उंचावले जाणे हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. श्लेष हा आपल्याकडे शोभेचा अलंकार मानला जातो. येथे तो सिद्धांताचे वाहन झाला आहे. मारेकरी ज्याला खाली पाडत आहेत असे समजतात, तोच त्या क्षणी उंचावला जात आहे.

क्रुसावर लावलेल्या आरोपपत्राची भाषाही लक्षणीय आहे. योहानाच्या म्हणण्याप्रमाणे ते इब्री, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत होते. यहुद्यांचा राजा, हा आरोप उपहासाने लिहिला गेला. श्रद्धावंतांनी तोच सत्य म्हणून वाचला. एकाच वाक्याचे दोन अर्थ वाचकाच्या भूमिकेप्रमाणे होतात, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच मिळेल.

निरपराध मनुष्य चोरांच्या सोबतीने सुळावर, ही कल्पना आपल्या परंपरेला अगदी अपरिचित नाही. महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्य ऋषींची कथा आहे. चोरांनी त्यांच्या आश्रमात आसरा घेतला, मौनव्रतामुळे ऋषी काही बोलले नाहीत आणि राजाने चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढवले. दोन्ही कथांतील साम्य डोळ्यांत भरते. पण प्रश्न वेगळे आहेत. मांडव्य धर्माला जाब विचारतात, की हे कोणत्या कर्माचे फळ. बालपणी किड्यांना टोचल्याचे ते फळ आहे हे कळल्यावर, एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा दिली म्हणून ते धर्मालाच शाप देतात. म्हणजे तेथे शोध न्यायाच्या मापाचा आहे. शुभवर्तमानांत येशूच्या दुःखामागे त्याचे कोणतेही कर्म शोधले जात नाही. हे दुःख कोणासाठी, असा तेथील प्रश्न आहे. ‘कशामुळे’ या प्रश्नाची जागा ‘कोणासाठी’ या प्रश्नाने घेतली, की क्रुसाच्या ख्रिस्ती अर्थाचे दार उघडते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) रिकाम्या जागा भरा.
१) ग्रीक ‘स्तौरोस’ या शब्दाचा मूळ अर्थ ............ असा आहे.
२) ‘क्र’ या जोडाक्षरात स्वर येऊन ‘खुरीस’ हे रूप होते; या प्रक्रियेला ............ म्हणतात.
(आ) चूक की बरोबर ते सांगा.
१) क्रूसदंड प्रामुख्याने रोमन नागरिकांसाठी होता.
२) येशूच्या क्रुसावरील आरोपपत्र तीन भाषांत होते, असे योहान सांगतो.

४.२.४ अर्थाची रूपके : बाजार, यज्ञवेदी, घर, न्यायालय

येशूच्या मरणाने माणसाचे तारण झाले, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे. परंतु ते कसे झाले, याचे एकच अधिकृत स्पष्टीकरण आरंभीच्या चर्चने ठरवून दिले नाही. नवा करार त्यासाठी जीवनाच्या वेगवेगळ्या क्षेत्रांतून शब्द उचलतो. ही रूपके मराठीत आणताना त्यांच्यावर मराठी जीवनाचे अर्थ चढले, म्हणून त्यांचा बारकाईने विचार केला पाहिजे.

खंडणी : मार्कच्या शुभवर्तमानात येशू आपला जीव पुष्कळांसाठी ‘लुत्रोन’ म्हणून देणार असल्याचे सांगतो. गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्यासाठी भरायची किंमत, असा त्याचा अर्थ. मराठी बायबलमध्ये येथे ‘खंडणी’ हा शब्द आहे. मराठेशाहीच्या काळात हा राजकीय व्यवहाराचा शब्द होता; आजच्या वर्तमानपत्रात मात्र खंडणी म्हटले की गुंडांनी धाक दाखवून उकळलेला पैसा आठवतो. जुना शब्द तसाच राहिला आणि त्याच्याभोवतीचे जग बदलले. या रूपकाची दुसरी अडचण तात्त्विक आहे. किंमत दिली, तर ती कोणाला? तिसऱ्या शतकात ओरिजेनने ती सैतानाला दिल्याचे सुचवले. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने ही कल्पना नाकारली. यावरून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. रूपक जेथपर्यंत प्रकाश देते तेथपर्यंतच न्यावे. सुटकेसाठी कोणीतरी मोल मोजले, एवढेच या रूपकाला सांगायचे आहे.

प्रायश्चित्त : योहानाच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ताला आपल्या पापांबद्दलचे प्रायश्चित्त म्हटले आहे. हे रूपक मंदिर व यज्ञवेदीच्या क्षेत्रातील आहे. पण धर्मशास्त्राशी परिचित मराठी वाचक येथे थबकतो. आपल्याकडे प्रायश्चित्त ज्याने पाप केले त्यानेच घ्यायचे असते. दुसऱ्याच्या वतीने ते होत नाही. ख्रिस्ती वापरात या शब्दाची दिशाच उलटली आहे. अपराध माणसाचा आणि व्रत देवाने आचरलेले, असे काहीसे येथे घडते. जुन्या शब्दात नवा आशय भरण्याची ही क्रिया मराठी ख्रिस्ती गद्यात पदोपदी आढळते.

समेट : करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल नातेसंबंधाची भाषा वापरतो. तुटलेले नाते जुळणे, म्हणजे समेट. घर, भाऊबंदकी, गाव यांच्या अनुभवातला हा शब्द आहे. समेटात बहुधा ज्याच्याकडून चूक झाली त्याने पुढे यावे, अशी आपली अपेक्षा असते. पौलाच्या मांडणीत ज्याच्यावर अन्याय झाला तोच, म्हणजे देव, पहिले पाऊल टाकतो. शिवाय देवाचे मन वळवले गेले असे पौल म्हणत नाही. देवाने जगाचा आपल्याशी समेट केला असे म्हणतो. हा कर्ता-कर्म भेद व्याकरणाचा असला, तरी त्यावर सगळा अर्थ अवलंबून आहे. रागावलेल्या देवाला रक्ताने शांत केले, या ढोबळ समजुतीला तो छेद देतो.

नीतिमान ठरणे : हे न्यायालयाचे रूपक आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मने ‘देव मानव का झाला’ या ग्रंथात, पापामुळे देवाच्या मानाचा भंग झाला आणि त्याची भरपाई देव-मानव ख्रिस्तच करू शकतो, असे प्रतिपादन केले. त्याच्या मांडणीमागे मध्ययुगीन सरंजामी समाजातील मान-मर्यादांची कल्पना आहे. सोळाव्या शतकात, कायद्याचे शिक्षण घेतलेल्या कॅल्विनने माणसाला योग्य असलेली शिक्षा ख्रिस्ताने स्वतःवर घेतली यावर भर दिला. बाराव्या शतकातील आबेलारने दुसरी बाजू मांडली. क्रूस पाहून माणसाच्या अंतःकरणात प्रेम जागे होते आणि ते प्रेमच त्याला बदलते. विसाव्या शतकात स्वीडिश ईशशास्त्रज्ञ गुस्ताफ आउलेन याने, क्रूस म्हणजे पाप व मृत्यू या शक्तींवरील विजय, या प्राचीन विचाराकडे पुन्हा लक्ष वेधले.

या सर्वांना कवेत घेणारा मराठी शब्द म्हणजे ‘तारण’. ‘तृ’ या धातूपासून आलेल्या या शब्दात पैलतीरी नेण्याचा अर्थ आहे. त्याच वेळी व्यवहारात ‘तारण ठेवणे’ म्हणजे कर्जासाठी मौल्यवान वस्तू अडकवणे. सोनेतारण कर्जाची पाटी आपण रोज पाहतो. दुसऱ्याला पैलतीरी नेण्यासाठी स्वतःला अडकवून घेणे, हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात असणे हा मराठीचा योगायोग आहे. पण क्रुसाविषयी बोलताना तो अर्थपूर्ण ठरतो.

येथे आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ख्रिस्ती श्रद्धेत क्रूस हा पुनरुत्थानापासून वेगळा काढता येत नाही. पुनरुत्थान नसते, तर रोमन राज्याने मारलेल्या हजारो माणसांत आणखी एकाची भर, एवढाच या मरणाचा अर्थ उरला असता. कॅथलिक उपासनेतील क्रुसावर सामान्यतः ख्रिस्ताचा देह असतो, प्रॉटेस्टंट चर्चमध्ये क्रूस बहुधा रिकामा असतो. पहिला त्यागाचे स्मरण करून देतो, दुसरा मृत्यू मागे टाकल्याचे.

४.२.५ मराठी साहित्य आणि लोकजीवन

इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ओवी छंदातील या ग्रंथात त्यांनी ‘वैकुंठ’सारखे परिचित शब्द ख्रिस्ती आशयासाठी वापरले. परंतु पुराणाच्या साच्यात क्रुसाची कथा बसवणे सोपे नव्हते. पुराणातील अवतारी पुरुष दुष्टांचा संहार करतो. येथे नायकाचाच वध होतो. श्रोत्याची अपेक्षा मोडूनच नवा अर्थ सांगावा लागतो. सतराव्या शतकातच एतियेन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरवर मराठी पुराण रचले. त्याच्या आडनावाचा अर्थही ‘क्रुसाचा’ असाच आहे.

एकोणिसाव्या शतकात अनुवादाचा दुसरा प्रवाह सुरू झाला. विल्यम कॅरी यांच्या प्रयत्नाने श्रीरामपूर येथून १८११ मध्ये मराठी नवा करार मोडी लिपीत प्रसिद्ध झाला. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून छापून पूर्ण झाले. साध्या स्त्रियांना समजेल अशी मराठी असावी आणि जुन्या धार्मिक संकेतांनी भारलेले शब्द शक्यतो टाळावेत, असा त्यांचा आग्रह होता. स्टीफन्स यांनी परिचित शब्द जवळ केले, रमाबाईंनी त्यांच्यापासून अंतर ठेवले. प्रायश्चित्त या शब्दाच्या चर्चेत आपण पाहिलेला प्रश्नच या दोन भूमिकांच्या मुळाशी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तिसरी वाट धरली. त्यांच्या काव्यात ख्रिस्त गुरुमाउली होऊन येतो. माउलीचे दुःख हे लेकरासाठीच असते, हे वारकरी परंपरेत वाढलेल्या मनाला वेगळे सांगावे लागत नाही. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले.

लोकजीवनात क्रूस ग्रंथाबाहेर, रस्त्यावर आहे. गोव्यात, वसईत आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत वाटेच्या कडेला क्रूस दिसतात. १८९६ च्या प्लेगच्या साथीत वांद्र्यासह मुंबईच्या अनेक भागांत असे क्रूस उभारले गेले. साथीपासून रक्षणाची याचना आणि बचावल्याची कृतज्ञता त्यांमागे आहे. मरणाच्या छायेत सापडलेल्या माणसांनी मरणाचेच एक साधन आधारासाठी उभे केले, ही गोष्ट अंधश्रद्धा म्हणून सोडून देता येणार नाही. ज्याने मरण सोसले तो मरणाऱ्यांना टाकणार नाही, हा तिचा आशय आहे.

४.२.६ क्रुसाचा दुरुपयोग आणि त्याचे निराकरण

पवित्र चिन्हाचा दुरुपयोगही होतो, हे अभ्यासकाने नोंदवले पाहिजे. १०९५ मध्ये पोप दुसरा अर्बन याच्या आवाहनानंतर धर्मयोद्ध्यांनी कापडी क्रूस वस्त्रांवर शिवून युद्धे केली. मरण सोसल्याचे चिन्ह मरण देणाऱ्यांच्या अंगावर गेले. येशूच्या मरणाचा दोष समस्त यहुदी समाजावर लादून शतकानुशतके त्यांचा छळ झाला. दंड रोमन सत्तेने दिला होता, हे सोयीस्करपणे विसरले गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हा सरसकट दोषारोप अधिकृतपणे नाकारला.

दुसरा दुरुपयोग अधिक सूक्ष्म आहे. मार खाणाऱ्या स्त्रीला किंवा पिळवणूक सोसणाऱ्या मजुराला ‘हा तुझा क्रूस आहे, तो मुकाट्याने वाहा’ असे सांगितले जाते. येथे क्रूस हा ‘भोग’ किंवा ‘प्रारब्ध’ या शब्दांचा पर्याय झालेला दिसतो. शुभवर्तमानांत मात्र शिष्याने आपला वधस्तंभ उचलायचा आहे. भोग वाट्याला येतो. वधस्तंभ सत्य व प्रेम यांची वाट निवडल्यामुळे जाणीवपूर्वक उचलला जातो. क्रियापदातील हा फरक विसरला, की सुटकेचे चिन्ह जुलमाचे समर्थन होऊन बसते.

याच्या उलट, पीडितांनी स्वतः क्रुसाचा अर्थ लावला तेव्हा तो मूळ अर्थाच्या जवळ गेला. जर्मन ईशशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान यांनी ‘क्रुसावरचा देव’ (१९७२) या ग्रंथात, देव दुःखापासून अलिप्त नसून दुःखितांच्या बाजूने उभा आहे, असे मांडले. भारतात अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात दलित ईशशास्त्राची पायाभरणी करताना क्रुसावरील ख्रिस्तात दलितत्व पाहिले. ‘दल्’ या धातूचा अर्थ फुटणे, चिरडले जाणे असा आहे. या अर्थाने क्रुसावरचा मोडलेला देह हाच दलित देह ठरतो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने दासाचे रूप घेतले आणि क्रुसाचे मरण पत्करले, ही दोन विधाने लागोपाठ येतात. क्रूस हे दासाचे मरण होते, हे ठाऊक असलेल्या वाचकालाच त्या क्रमाचा अर्थ कळतो.

४.३ सारांश

क्रूस हे रोमन राज्यातील विटंबनेचे साधन होते. येशूच्या मरणामुळे व पुनरुत्थानावरील श्रद्धेमुळे ते ख्रिस्ती धर्माचे मध्यवर्ती चिन्ह झाले. त्याचा अर्थ सांगण्यासाठी नव्या कराराने खंडणी, प्रायश्चित्त, समेट, नीतिमान ठरणे अशी रूपके वापरली. त्यांपैकी कोणतेही एक रूपक पुरेसे नाही. ती परस्परांना पूरक आहेत. मराठीत आल्यावर या रूपकांना स्थानिक अर्थ चिकटले. ते ओळखल्याशिवाय मराठी ख्रिस्ती साहित्याचे वाचन पूर्ण होत नाही. ‘वधस्तंभ’ हा शब्द लज्जेची आणि ‘क्रूस’ हा शब्द पूज्यतेची आठवण ठेवतो. पूज्यता उरून लज्जा विसरली गेली, तर क्रूस दागिना होतो किंवा शस्त्र होतो. लज्जाच उरून आशा हरवली, तर तो केवळ एक मारेकऱ्यांचा खांब राहतो. ख्रिस्ती श्रद्धा या दोहोंना एकत्र धरते.

४.४ पारिभाषिक शब्द

शुभवर्तमान : येशूचे जीवन व शिकवण सांगणारा नव्या करारातील ग्रंथ, असे चार ग्रंथ आहेत.
वल्हांडण : मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेचा यहुदी सण.
पुनरुत्थान : मेलेल्यांतून पुन्हा उठणे.
क्रुसाची वाट : येशूच्या अखेरच्या प्रवासाचे १४ टप्प्यांत केलेले ध्यान.
ईशशास्त्र : देव व श्रद्धा यांविषयीचा पद्धतशीर विचार.
स्वरभक्ती : जोडाक्षरातील व्यंजनांमध्ये स्वराचा आगम होणे.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) १) उभा खांब २) स्वरभक्ती
(आ) १) चूक २) बरोबर

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘वधस्तंभ’ आणि ‘क्रूस’ या शब्दांच्या व्युत्पत्ती व अर्थच्छटा यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२) अणीमांडव्याची कथा आणि क्रुसाची कथा यांतील साम्य-भेदांची चर्चा करा.
३) ‘खंडणी’, ‘प्रायश्चित्त’ व ‘समेट’ या रूपकांचे मराठी वाचकाच्या दृष्टीने विवेचन करा.
४) टीपा लिहा : (अ) तारण या शब्दाचे दोन अर्थ (आ) भोग आणि क्रूस यांतील भेद
५) क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरात रस्त्याच्या कडेला एखादा जुना क्रूस असल्यास त्यावरील लेख, भाषा, लिपी व वर्ष यांची नोंद करा. आसपासच्या ज्येष्ठ व्यक्ती त्याला कोणत्या शब्दाने ओळखतात ते विचारून दोन पृष्ठांचे टिपण लिहा.